चार चमचे खरवस

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, माझ्या आईला नाही, आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. साडेपाच वर्षं झाली. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि ओळखत असलात तरी माझ्या स्वयंपाकघरात येऊन काय करणार आहात?

एक आधीच सांगून ठेवते. मी रडणार नाही. पदराला डोळे पुसणारी बाई बघायची असेल तर इथेच थांबा. यातल्या अर्ध्या गोष्टीची मला आजही लाज वाटत नाही. उरलेल्या अर्ध्याची वाटते. कुठली अर्धी, ते सांगायलाच बसले आहे – पण मला जरा लांबून यावं लागेल.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. शेतीचा भरवसा नाही, म्हणून सगळी भिस्त गोठ्यावर. घरटी दोन-चार गाया, सकाळ-संध्याकाळ डेअरीवर किटल्यांची रांग, आणि माणसाची पत त्याच्या दुधाला किती फॅट लागते त्यावर. गावातली ती डेअरी, म्हणजे दूध गोळा करायचं केंद्र, माझ्या सासऱ्यांचं. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याआधी दूध विचारतात. अशा घरात माझी ओवी जन्मली, आणि तिला दूध सोसेना.

वर्षाची होईपर्यंत अंगावर पीत होती, तेव्हा फार काही जाणवलं नाही. वरचं दूध सुरू झालं आणि पोरगी वाळायला लागली. पोट धरून कळवळायची, जुलाब व्हायचे, कधी त्यात रक्ताची रेघ दिसायची. तोंडाभोवती लाल चट्टे. दात येतायत म्हणाले, दृष्ट लागली म्हणाले, मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. शेवटी नगरला बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेली. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहितात, आमच्या तोंडात नगरच आहे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की दुधातलं प्रथिन या मुलीच्या आतड्याला चालत नाही. गाईचं नको, म्हशीचं नको, शेळीचंही नको. दही, ताक, लोणी, तूप, पेढा, दुधाची बिस्किटं – सगळं बंद. मोठी होईल तसं बहुतेक आपोआप जाईल, पण तोवर थेंबही नको. याची रक्ताची सोपी तपासणी नसते, बंद करून बघायचं, हाच पुरावा.

पुरावा. हा शब्द मी तेव्हा मनात धरून ठेवला.

परतताना गाडीत मामा हसत होते. दूधवाल्याची नात दुधाला भिती म्हनं, असं चार वेळा म्हणाले. गावात कळलं आणि जो तो वैद्य झाला. कुणी म्हणे देशी गाईचं चालतं, कुणी म्हणे हळद घालून द्या, एक चुलत सासू म्हणाली आईच्याच दुधात दोष असणार. मी बी.एस्सी. झालेली. शिकलेली सून म्हणजे पुस्तकी खूळ, हे आमच्याकडे आधीच ठरलेलं असतं. तरी मी पथ्य धरलं – आणि कसं धरलं ते ऐका, कारण त्याचा मला अजून अभिमान आहे.

ओवीचं पातेलं वेगळं, चमचा वेगळा, घासायचा काथ्या वेगळा. तिचा भात आधी शिजायचा, घरात तूप कढायच्या दिवशी तिला घेऊन मी अंगणात बसायचे. नाचणीचं सत्त्व पाण्यात, वरण तेलाच्या फोडणीचं, भिजवलेले शेंगदाणे वाटून त्यात गूळ, तिळाचा कूट भाकरीत कुस्करून. बिस्किटाच्या पुड्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचत दुकानात उभी राहायचे तेव्हा दुकानदार विचारायचा, वहिनी, परीक्षा आहे का? लग्नाला गेलो तरी तिचा डबा बरोबर. देवळात पेढा तिच्या हातावर ठेवला की तो मी पटकन माझ्या तोंडात टाकायचे. तिच्या वाटणीचा प्रसाद खाऊन खाऊन पुण्य माझ्याकडे आलं की नाही माहीत नाही, वजन मात्र आलं.

आणि एवढं करून घरातलेच चोऱ्या करायचे. मामा सायीत बोट बुडवून तिला चाटवायचे. माझा नवरा पारनेरहून येताना आइस्क्रीम आणायचा, एका घासाने काय होतंय म्हणत. एकदा आत्यांनीही मऊ भातावर तूप सोडलं. तूप म्हंजे काय दूध हाय का, असं त्यांना खरंच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी ओवीचं पोट बिघडलं तेव्हा घरात त्या एकट्याच पुढे आल्या. म्हणाल्या, माज्याकडनं गेलं गं, आता न्हाई जायचं.

आणि गेलं नाही. पुढच्या तीन महिन्यांत एकदाही नाही. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, भाजायची, दळायची – सगळं त्यांनी अंगावर घेतलं. शेजारणी आल्या की माझ्याआधी त्याच सांगायच्या, पोरीच्या हातात काय देऊ नका. त्या माझ्या बाजूला आल्या होत्या. हे लक्षात ठेवा. माझ्याही लक्षात होतं.

तीन महिन्यांत ओवी सुधारली. गालावर मांस आलं, अंगणात धावायला लागली. आणि तिथेच माझं घोडं अडलं. कारण आता सगळे म्हणायला लागले, बरी झाली की पोरगी, आता काय? मी म्हणे, बंद केलं म्हणून बरी आहे. ते म्हणत, बरी आहे तर बंद कशाला? पथ्य पाळलं म्हणून पोर बरी, आणि पोर बरी म्हणून पथ्य खोटं – असा सगळा उलटा हिशेब. डॉक्टरनं कागदावर रोगाचं नाव तरी लिहिलंय का, असं माझा नवरा विचारायचा. मी जितकी काळजी घ्यायचे तितकी खोटी पडायचे.

त्यात मैना व्याली. मैना ही आत्यांची गाय. गोठ्यात धार काढायचं मशीन आलं होतं, पण मैना मशीनला पान्हा सोडायची नाही, मला नाही, नवऱ्यालाही नाही. आत्या जवळ बसल्या, कासेला हात लागला, की दूध सुरू. गावात कुणाची पहिलारू, पहिल्यांदाच व्यालेली गाय लाथा झाडायला लागली की आत्यांना बोलावणं यायचं. बाई फारशी बोलायची नाही कधी, पण गोठ्यात गेली की तिथली राणी तीच.

गाय व्याली की चिकाचा खरवस करायचा, पहिला घास देवापुढे, दुसरा घरातल्या सगळ्यात धाकट्या जिवाला, आणि मग गल्लीत वाटायचा. धाकट्याला घास दिला नाही तर वासरू जगत नाही, अशी आमच्या घरची समजूत. घरात धाकटी ओवी. मामांनी बशी हातात घेतली, ओवीला मांडीवर ओढलं. मी उठलेच होते, पण माझ्याआधी आत्या बोलल्या.

“ऱ्हाऊ द्या. पोरीला सोसत न्हाई. तिच्या नावानं मी तुळशीपुढं ठिवते.”

शेजारची चार माणसं बसली होती. त्यांच्यासमोर बायकोनं हात अडवला हे मामांना सोसलं नाही. ते बशी खाली ठेवून म्हणाले, उद्या सकाळपासून मी सोता पोरीला दूध पाजनार, वाटीभर न्हाई तर घोटभर, रोज, बघू काय हुतंय. मी नवऱ्याकडे बघितलं. तो चपलेचा अंगठा बघत म्हणाला, थोडं थोडं देऊन बघायला काय हरकत आहे.

थोडं थोडं. मला त्या शब्दाची भीती होती. थोडं थोडं दिलं की पोर थोडी थोडी खंगते. एकदम काही दिसत नाही. आज पोट दुखतंय, परवा चट्टा उठलाय, महिन्यानं वजन घटलंय – आणि दर वेळी सांगायला दात आहेत, हवा आहे, दृष्ट आहे. पथ्याआधी कितीतरी महिने हेच बघितलं होतं मी. तुम्ही म्हणाल, पोरीला घेऊन माहेरी जायचं. गेले असते. किती दिवस? आणि माहेरीही गोठाच आहे.

मग मी काय केलं?

आत्या दुपारी खरवसाचं पातेलं घेऊन गल्लीत वाटायला गेल्या. मामा आणि नवरा डेअरीवर. फडताळात एक वाटी राहिली होती. मी ओवीला ओट्यावर बसवलं – तिचा वेगळा चमचा घेतला, तोच, ज्याला मी कुणाला हात लावू देत नव्हते – आणि तिला खरवस भरवला. चार चमचे. मोजून. पहिल्या चमच्याला तिनं डोळे मोठे केले, गोड लागलं होतं तिला. दुसऱ्याला स्वतःहून तोंड उघडलं. चौथा संपला तेव्हा “आनकी” म्हणाली आणि माझी बोटं चाटली. मी तिचं तोंड पुसलं, वाटी घासली, चमचा घासला, जागेवर ठेवला.

हे मी केलं. चुकून नाही, भुलून नाही. तिला त्रास व्हावा म्हणूनच दिलं, एकदाच, सगळ्यांना दिसेल असा. आई असून? – हो, आई असून. मला या गोष्टीची लाज वाटत नाही, असं मी मघाशी म्हणाले ते याबद्दल. तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं, ते मला सांगू नका. तुम्ही माझ्या जागी नव्हता.

पण इथवर आलेच आहे तर पुढचं सांगितलं पाहिजे. पुढचं सांगायला मला जड जातंय.

आत्या रिकामं पातेलं घेऊन आल्या. मी म्हणाले, बचत गटाची बैठक आहे, तासाभरात येते, ओवीकडे बघा. त्या दिवशी मी बैठकीला गेले होते, असं घरातल्या सगळ्यांना आजही वाटतं. बैठक नव्हती. ती पुढच्या आठवड्यावर गेली होती आणि मला ते ठाऊक होतं. मी शाळेमागे चिंचेखाली जाऊन बसले. तासभर. मोबाईल हातात धरून.

कशाला गेले? विचारा ना. पोरीला जे व्हायचं ते माझ्या ताब्यात होऊ नये म्हणून. मी घरात असताना झालं असतं तर पहिलं बोट माझ्याकडे आलं असतं, आणि मामा म्हणाले असते, शिकलेल्या सुनेनं स्वतःचं खरं करायला पोरीला काहीतरी चारलं. आणि ते खरंच असतं. म्हणून मला दुसरं कुणीतरी हवं होतं. आत्याच हव्या होत्या. तुपाचा डाग त्यांच्यावर आधीचा होता, आणि त्या उलटून बोलणार नाहीत याची मला खात्री होती. जी एकटी माझ्या बाजूला उभी राहिली, सकाळीच, चार माणसांसमोर, तिला मी निवडलं. गाय गरीब दिसली की तिच्याच पाठीत काठी बसते. तेच मी केलं.

चिंचेखाली बसले असतानाच आत्यांचा फोन आला. ओवीनं दोनदा उलटी केली होती आणि पोट धरून किंचाळत होती. मी पळत आले. संध्याकाळपर्यंत जुलाब, त्यात रक्त, पोरीची मान टाकलेली. नवऱ्यानं गाडी काढली, नगरला पोचेपर्यंत आत्या तिला छातीशी धरून बसल्या होत्या आणि मामा पुढच्या सीटवरून वळून वळून तिच्याकडे बघत होते. दवाखान्यात सलाईन लावलं. एवढ्याशा हाताला शीर सापडेना, तीन वेळा टोचलं. मी बघत होते. नजर फिरवली नाही, तेवढी शिक्षा मी स्वतःला दिली, आणि ती पुरेशी नाही हे मला कळतं.

डॉक्टरबाई संतापल्या होत्या. हिला दूध कुणी दिलं, असं त्यांनी सरळ विचारलं. खोलीत आम्ही चौघं. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, “मी घरी नव्हते.”

एवढंच. बघा, यात एक शब्दही खोटा नाही. तासभर मी खरंच घरी नव्हते. मी आत्यांचं नावसुद्धा घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. आणि मला वाटलं होतं, त्या म्हणतील, म्या न्हाई दिलं. मग जरा वाद होईल, कुणाचं काहीच सिद्ध होणार नाही, पण दुधानं पोर आजारी पडते हे तर सिद्ध होईल. असा माझा हिशेब होता.

आत्यांनी आपले दोन्ही हात पुढे धरून बघितले. म्हणाल्या, “सकाळधरनं चिकातच हुते. माज्या हाताला लागला आसंल. हात नीट न्हाई धुतला म्या. त्याच हातानं तिला भात चारला.”

माझा नवरा आईवर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी दवाखान्यात, नर्ससमोर, त्यानं तिला काय काय सुनावलं ते मी सांगणार नाही. मामाही बोलले – तेच मामा, ज्यांनी सकाळी बशी धरली होती. आत्या मान खाली घालून ऐकत होत्या. मी ओवीचं पांघरूण नीट करत होते. नीटच होतं ते.

तेव्हा बोलायला काय झालं होतं? एक वाक्य होतं. ओठावर होतं, असंही मी म्हणणार नाही. नव्हतं. मला वाटत होतं, जिंकले.

आणि जिंकलेच. तिसऱ्या दिवशी ओवी घरी आली ती वेगळ्याच घरात. सायीत बोट बुडवणं संपलं. मामा डेअरीवर बसून चष्मा लावून बिस्किटाचे पुडे वाचायला लागले, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायला लागले की आमच्या नातीला दूध म्हणजे वीख हाय. नवऱ्यानं पुन्हा कधी विचारलं नाही की कागदावर काय लिहिलंय. पोरगी वाढली, धडधाकट झाली. माझ्या चार चमच्यांनी ते केलं.

आणि आत्यांनी धार काढणं सोडलं.

कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. दुसऱ्याच सकाळी गोठ्यात गेल्या नाहीत. म्हणाल्या, हात दुधाचा नको, पोरीला घ्यावं लागतं. मी साबण आणून दिला, गरम पाणी दिलं – बघा माझं धाडस, मी त्यांना साबण दिला. त्या म्हणाल्या, साबनानं जातंय का न्हाई कुनाला ठावं. मैनेनं आठ दिवस कुणाला पान्हा सोडला नाही. कास तटतटून यायची, हंबरायची, आणि आत्या आत चुलीपाशी बसून ऐकायच्या. एकदा मी बघितलं, हंबरडा ऐकून त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन बसल्या. मैनेची कास सुजली, पुढे तिला बाजार दाखवला. नेताना आत्यांनी लांबूनच हात जोडले, कुंकू लावायलासुद्धा जवळ गेल्या नाहीत.

तेव्हा तरी सांगायचं ना? रोज ठरवायचे. आज सांगू, सणानंतर सांगू, ओवी जरा मोठी होऊ दे. सांगितलं की पथ्य मोडेल, मामा पुन्हा म्हणतील बघा, सुनेचीच करणी – असं मी स्वतःला बजावायचे. ते पहिल्या वर्षापुरतं तरी खरं होतं. मग ओवी साडेचार वर्षांची झाली, डॉक्टरबाईंनी आपल्या नजरेखाली आधी केकचा तुकडा, मग दही, मग दूध देऊन बघितलं, आणि पोरीला काही झालं नाही. आता पथ्य उरलं नव्हतं. आता कसलं कारण होतं? कुठलंच नाही. मी बोलले नाही, कारण मला ‘बिचारी, किती केलं पोरीसाठी’ असं ऐकायची सवय झाली होती, आणि आत्यांकडे बोट होतं तोवर माझ्याकडे येणार नव्हतं. बास. याला दुसरं नाव नाही.

आत्यांना संशय आला असेल का? कितीदा विचार केला. आपण दिलं नाही हे माहीत असलेल्या माणसाला दुसरा कोण, हा प्रश्न पडायला नको? पण त्यांना ते माहीतच नाही. स्वतःच्या हातांवरचा त्यांचा विश्वास त्या दिवशी गेला, तो गेलाच. ओवी आज सात वर्षांची आहे, वाटीभर दही ओरपते. आत्या अजून तिला स्वतःच्या हातानं काही देत नाहीत. लाडूसुद्धा माझ्या ताटलीत ठेवतात आणि म्हणतात, तू दे. लेकराच्या तोंडात घास घालायचा तर आधी हात उलटेपालटे करून बघतात, आणि मग चमचा मला देतात.

गेल्या महिन्यात नणंद माहेरपणाला आली होती. सगळे स्वयंपाकघरात बसले होते, मी भाकरी थापत होते. नणदेनं ओवीला विचारलं, लहानपणी तू फार आजारी असायचीस, आठवतं का गं? ओवी ऐटीत सांगायला लागली. तिला ती गोष्ट पाठ आहे, घरात सगळ्यांकडून ऐकून ऐकून. आजीच्या हाताला चीक लागला होता, आजीनं हात धुतला नाही, मग मला तीन सुया टोचल्या. शेवटी ती आजीच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, “पण मी आजीला माफ केलंय.”

आत्या हसल्या. “व्हय गं बाय,” म्हणाल्या, “लई उपकार झाले तुजे.”

सगळे हसले. मीही हसले, आणि भाकरी तव्यावर टाकली.